झुकतं माप

रॉकेलच्या दुकानात आई मापाकडे बघत नसे, फेसाकडे बघत असे. पिंपावरच्या पंपातून रॉकेल जोरात सुटलं की पत्र्याच्या मापात फेस चढतो आणि माप काठोकाठ भरल्यासारखं दिसतं. दुकानदार तेवढ्यात ते नरसाळ्यावर उपडं करायला निघे. आई म्हणे, "भाऊ, फेस बसू द्या." मागची रांग कुरकुरायची, तरी ती हलत नसे. फेस बसला की मापात बोटभर जागा रिकामी दिसे आणि दुकानदाराला पंप आणखी एकदा दाबावा लागे. वरळीच्या बीडीडी चाळीत आमची एकच खोली होती, एकच स्टोव्ह होता. त्या बोटभर रॉकेलवर एका वेळचा चहा होत असे.

फेस म्हणजे हवा. रॉकेलच्या पैशांत हवा पदरी पडू नये एवढीच आईची धडपड होती. पण विकायची वस्तूच हवेसारखी असेल तर? गॅस दिसत नाही, ओतता येत नाही, त्याला काठ नाही आणि बूडही नाही. उन्हात तो फुगतो, दाबला की अंग चोरून बसतो. अशा वस्तूचं माप कसं घ्यायचं आणि त्या मापावर विकणाऱ्याचा नि घेणाऱ्याचा दोघांचाही विश्वास कसा बसवायचा, हे कोडं गेली दोनशे वर्षं सुटत आलं आहे. त्यातली बरीच वर्षं आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर, लालबाग-परळात गेली.

मुंबईतला पहिला गॅसचा दिवा मात्र माझगावात लागला. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी हे हाडाचे यंत्रज्ञ. १८३४ साली त्यांनी स्वतः गॅस तयार करून आपला बंगला आणि बाग उजळली. ते नवल बघायला खुद्द गव्हर्नर आले होते. हेच अर्देशीर पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. माझगावच्या त्या दिव्यांना मीटर नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. गॅस त्यांचाच, दिवा त्यांचाच. मापाची गरज पडते ती समोर दुसरा माणूस उभा राहिला की.

तो दुसरा माणूस मुंबईत उभा राहायला तीस वर्षं लागली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि १८६१ ते १८६५ या चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या कंपन्या, बँका, समुद्रात भर घालण्याच्या योजना, सगळं एकाच वेळी उगवलं. मग युद्ध संपलं. १ जुलै १८६५ हा शेअरच्या वायद्यांचा दिवस होता आणि त्या दिवशी शहर कोसळलं. कालचे लक्षाधीश आज देणेकरी झाले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजारात रस्त्यावरचे गॅसचे दिवे पहिल्यांदा पेटले. दिवे लावणारा एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जात होता आणि लोकांचा घोळका न बोलता त्याच्यामागून चालत होता, असं मुंबईच्या जुन्या गॅझेटियरात नोंदलं आहे. त्या घोळक्यात तीन महिन्यांपूर्वी सर्वस्व गमावलेले किती असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हा गॅस बॉम्बे गॅस कंपनीचा. लालबागला आजही गॅस कंपनी लेन आहे. गणपतीच्या दिवसांत लालबागच्या राजाच्या रांगेची चौकशी करत लोक त्या गल्लीवरून जातात. कारखान्याची कृती सांगायला सोपी. बंद भट्टीत, हवा लागू न देता दगडी कोळसा तापवायचा. कोळसा जळत नाही, त्यातून वायू सुटतो. तो थंड करायचा, धुवायचा, डांबर वेगळं काढायचं आणि मोठ्या टाकीत साठवायचा. ही टाकी म्हणजे पाण्यात उपडी घातलेली प्रचंड लोखंडी घागर. आत गॅस आला की घागर वर उचलली जाई, गॅस गेला की खाली बसे. घागर किती फूट वर आहे यावरून आत किती गॅस आहे ते कळे. गॅस मोजण्याची ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात प्रामाणिक पायली. रात्री शहरानं किती गॅस जाळला, हे सकाळी लांबून बघूनसुद्धा ओळखता यावं.

पण टाकीतून निघालेला गॅस कोणाच्या घरी किती गेला, हे टाकीला कळत नाही. लंडनमध्ये १८१२ साली पहिली गॅस कंपनी सनद घेऊन उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे यावर उत्तर नव्हतं. मग बर्नर मोजले जात. अमुक आकाराचे इतके बर्नर, रात्री अमुक वाजेपर्यंत, वर्षाचे इतके पैसे. कंपनीची माणसं रात्री रस्त्यानं फिरून ठरल्या वेळेनंतर कोणाचा दिवा जळतो आहे ते बघत. लोकही काही कमी नव्हते. बर्नरचं भोक मोठं करून घेतलं की त्याच पैशांत दुप्पट उजेड. विकणाऱ्याचा घेणाऱ्यावर संशय आणि घेणाऱ्याचा विकणाऱ्यावर. हा धंदा पहारेकऱ्यांच्या भरवशावर चालला होता.

सॅम्युएल क्लेग हा त्याच कंपनीचा अभियंता. त्यानं १८१५-१६ च्या सुमारास जे यंत्र काढलं, तिथून हा सगळा इतिहास वळला. पिंपासारखा एक आडवा ढोल, आत वेगवेगळे कप्पे, अर्धा ढोल पाण्यात. गॅस आत शिरला की एका कप्प्यात भरतो, कप्पा वर येतो, ढोल फिरतो, गॅस पलीकडून निघून जातो आणि पुढचा कप्पा पाण्याबाहेर येतो. ढोलाचे फेरे मोजले की गॅस मोजला गेला. विहिरीवरच्या रहाटाला पोहरे असतात तसे हे पोहरे, फक्त पाण्याऐवजी हवेनं भरणारे.

या ओल्या मीटरमध्ये एक मेख होती. पाणी कमी झालं तर कप्प्यात गॅसला जागा जास्त मिळते. फेरा तेवढाच, गॅस जास्त. गिऱ्हाइकाचा फायदा. पाणी जास्त असेल तर उलट, भुर्दंड गिऱ्हाइकाला. मीटर किंचित कलता करून ठेवला तरी हिशेब बिघडतो. उन्हाळ्यात पाणी आटतं, थंड देशात ते गोठतं. म्हणून कंपनीच्या माणसानं ठरावीक दिवसांनी येऊन पाण्याची पातळी बघायची. १८४० च्या दशकात कोरडा मीटर आला: पत्र्याच्या पेटीत कातड्याचे दोन भाते, एक भरत असताना दुसरा रिकामा होतो. लोहाराचा भाता आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. लोहार भाता हलवून हवा काढतो. इथे गॅसच भाता हलवतो आणि भाता आकडे फिरवतो. आजही स्वयंपाकघरातल्या मीटरमध्ये हेच आहे. कातड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं, एवढाच काय तो फरक.

यंत्र आलं तरी भांडण मिटत नाही, कारण यंत्र कोणाचं हा प्रश्न उरतोच. १८५९ साली ब्रिटनमध्ये गॅसविक्रीचा कायदा झाला. घनफूट म्हणजे काय, हे त्यात पाण्याच्या वजनानं बांधून दिलं: ६२ अंश फॅरनहाइट तापमानाचं, ६२.३२१ पौंड शुद्ध पाणी जेवढ्या जागेत मावतं तेवढा एक घनफूट. नमुन्याची मापं तयार करून ठेवली. मीटरवर सरकारी शिक्का सक्तीचा झाला. आणि त्या कायद्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. कोणतंही यंत्र अगदी अचूक नसतं हे मान्य करून चूक किती चालेल ते त्यात ठरवलं होतं: गिऱ्हाइकाच्या विरुद्ध फार तर दोन टक्के, कंपनीच्या विरुद्ध तीन टक्क्यांपर्यंत. दोन्ही बाजूंना सारखी सूट दिली नाही. भाजीवाली तराजू गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकू देते आणि वर दोन मिरच्या टाकते, त्याला आपण झुकतं माप म्हणतो. संसदेनं ते कायद्यात लिहिलं.

घनफूट ठरला तरी गॅस चांगला की वाईट हे कसं ठरवायचं? त्या काळी गॅस उजेडासाठी घेतला जाई, म्हणून कस लावायचा तो उजेडाचाच. एका बाजूला तासाला १२० ग्रेन जळणारी व्हेलच्या चरबीची मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला तासाला पाच घनफूट गॅस जाळणारा बर्नर, आणि गॅसचा उजेड किती मेणबत्त्यांच्या तोडीचा ते पाहायचं. पुढे विजेनं उजेडाचं काम हिरावून घेतलं, गॅस स्वयंपाकघरात आणि कारखान्यात शिरला, आणि मेणबत्त्या मोजण्यात अर्थ उरला नाही. १९२० साली ब्रिटननं कायदा बदलला आणि गॅसचं बिल उष्णतेवर लावायला सुरुवात केली. पैसे घनफुटांचे नाहीत, आचेचे. हा बदल पुढे आपल्या दारापर्यंत येणार होता.

तेच १९२० साल आमच्या चाळीचं. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. बीडीडी ही अक्षरं त्यातलीच. गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायचा बेत होता. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२ इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक इमारत तळमजला धरून चार मजली, मजल्यावर २० खोल्या, इमारतीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे बेत पन्नास हजारांचा आणि प्रत्यक्षात साडेसोळा हजारांच्या आसपास. याच खात्यानं बॅकबेला समुद्रात भर घालायला घेतली, तिथला अंदाज तर असा चुकला की खुर्शीद नरिमन यांनी तो गैरकारभार चव्हाट्यावर आणला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मोजण्यात चूक झाली की तिची किंमत कोण भरतं, हे मुंबईनं तेव्हा पाहिलं.

गिरणी कामगाराच्या खोलीत सगळं मापूनच येई. वखारीतून कोळसा, रेशनवरून धान्य, पिंपातून रॉकेल, नळाला ठरल्या वेळेपुरतं पाणी. लालबागच्या गॅसच्या कारखान्यातही कामगारच होते आणि त्यांचं काम जमिनीखालच्या नळांशी होतं. कोळशाचा गॅस ओला असतो. जमिनीखालून जाताना तो थंड होतो, पाणी सुटतं आणि नळाच्या सखल भागात साचून वाट अडवतं. म्हणून जागोजागी पाणी गोळा करणारी भांडी पुरलेली असत आणि कामगार फिरून पंपानं ते पाणी उपसत. त्याला सायफन खातं म्हणत. या खात्यातले आणि नळ टाकणाऱ्या-सांभाळणाऱ्या खात्यांतले कामगार आपली थकलेली रक्कम मागायला न्यायालयात गेले, आणि १९६३ साली सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचं अपील फेटाळलं. कामगारानं असा थकलेला पैसा मागायला कायद्यानं मुदत घातलेली नाही, न्यायालयानं स्वतःहून ती घालू नये, हा त्या निकालाचा गाभा. कामगार कायद्याच्या पुस्तकांत तो आजही वाचला जातो. लालबागच्या गटारांशेजारी उकिडवं बसून पाणी उपसणाऱ्या माणसांनी तो मिळवला, हे त्या पुस्तकांत ठळक दिसत नाही.

दरम्यान १९५५ साली मुंबईत बर्मा शेलनं सिलिंडरचा गॅस विकायला काढला. तो द्रवरूपात असतो, म्हणून त्याचं माप सोपं, वजनावर. पुढे घरोघरी १४.२ किलोचा सिलिंडर ठरला. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या कड्यावर कोरलेलं. काटा लावा, वजाबाकी करा. चाळीतल्या बायकांना हे माप लगेच समजलं. काटा घेतल्याशिवाय टाकी आत घ्यायची नाही, असा आमच्या मजल्यावर काही घरांचा शिरस्ताच होता.

आणि मग १९७४ उजाडलं. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींच्या मैदानात दलित पँथरची सभा उधळली गेली आणि दंगल पेटली. चाळीचाळींतून दगड, पेटते बोळे. १० जानेवारीला परळला निघालेल्या मोर्चात पँथर कार्यकर्ते भागवत जाधव यांचा बळी गेला. वरळी कित्येक आठवडे धुमसत होती. त्याच हिवाळ्यात, शहरापासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात, जपानमध्ये बांधलेलं 'सागर सम्राट' हे खोदकामाचं जहाज तळाला भोक पाडत होतं. १९ फेब्रुवारीला तेल लागलं. बॉम्बे हाय. तेलाबरोबर वायू होता, आणि दोनच वर्षांनी शेजारच्या बसीन क्षेत्रात तर वायूचाच मोठा साठा सापडला. चाळीतल्या माणसाला त्या आठवड्यांत दारं लावून बसण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. समुद्राखालच्या बातमीचा आपल्या चुलीशी काही संबंध असेल असं त्याला वाटण्याचं कारण नव्हतं.

२१ मे १९७६ रोजी बॉम्बे हायचं उत्पादन सुरू झालं आणि १९७८ साली समुद्रतळावरून नळ उरणला आले. सुरुवातीला वायू घ्यायला पुरेसे नळच नव्हते, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून कितीतरी वायू समुद्रातच मशालीसारखा जाळला गेला. मग उरणहून तो ट्रॉम्बेला, खत कारखान्याला आणि वीज केंद्राला जाऊ लागला. १९८४ साली वायू वाहून नेण्यासाठी गेल ही वेगळी सरकारी कंपनी झाली. काढणारा एक, नेणारा दुसरा, वापरणारा तिसरा. पुन्हा माणसं समोरासमोर उभी राहिली, पण या वेळी मधून जाणारा गॅस दिवसाला लाखो घनमीटर होता आणि त्याला क्लेगचा ढोल पुरणारा नव्हता.

एवढ्या गॅसला भात्यात भरून मोजता येत नाही. त्याला वाहतानाच पकडावं लागतं. त्यासाठी वर्षानुवर्षं वापरलेलं साधन इतकं साधं आहे की पहिल्यांदा कळलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता: नळाच्या मध्ये आडवी बसवलेली, मधोमध गोल भोक असलेली पोलादी तबकडी. तिला ऑरिफिस प्लेट म्हणतात. गॅस त्या भोकातून घुसताना वेग वाढतो आणि दाब पडतो. तबकडीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजायचा. त्यांतला फरक जितका जास्त तितका प्रवाह जास्त. मात्र दोन्ही सरळ पटीत वाढत नाहीत. फरक चौपट झाला तर प्रवाह दुप्पट झालेला असतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत हजारो प्रयोग करून याचे आकडे बसवले गेले आणि तिथल्या गॅस संघटनेनं त्याची नियमावली केली. उरणपासून ट्रॉम्बेपर्यंतचे अभियंते तिला नुसतं 'एजीए थ्री' म्हणतात.

तबकडीत पुन्हा ती ओल्या मीटरसारखीच मेख आहे. भोकाची कड सुरीसारखी धारदार हवी. वाहत्या गॅसनं, धुळीनं ती बोथट झाली की त्याच दाबाच्या फरकात जास्त गॅस निघून जातो आणि मीटर कमी दाखवतो, नुकसान विकणाऱ्याचं. तबकडी दुरुस्तीनंतर उलटी बसवली गेली तरी तेच. नळाला जवळच वळण असेल तर गॅस घुसळत येतो आणि आकडा ढळतो, म्हणून तबकडीच्या पुढेमागे ठरावीक लांबीचा सरळ नळ लागतो. अलीकडे बऱ्याच ठिकाणी तबकडीच्या जागी कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचे मीटर आले. नळात तिरका आवाज सोडायचा, एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा प्रवाहाविरुद्ध. बरोबर जाणारा लवकर पोचतो, विरुद्ध जाणाऱ्याला वेळ लागतो. वरळीच्या समुद्रात भरतीला होडी घालणाऱ्या कोळ्याला यात नवल वाटणार नाही.

पण एवढ्यानं फक्त नळातून किती घनमीटर गेले ते कळलं, आणि नळातला घनमीटर म्हणजे काहीच नाही. मोठ्या नळात ६० बार दाब असेल तर त्या एका घनमीटरमध्ये बाहेरचे साठ घनमीटर कोंबलेले असतात. खरं तर साठाहूनही जास्त, कारण एवढ्या दाबाला वायूचे कण एकमेकांना ओढू लागतात आणि गॅस शाळेतल्या नियमापेक्षा अधिक दबतो. फरक दहा टक्क्यांच्या आसपास जातो. लाखो घनमीटरांच्या व्यवहारात दहा टक्के म्हणजे एखाद्या कारखान्याचा पगार. म्हणून दाब, तापमान आणि हा जास्तीचा दबण्याचा गुणांक, तिन्ही धरून आकडा एका ठरलेल्या अवस्थेला आणतात. आपल्याकडे ती अवस्था म्हणजे १५ अंश सेल्सियस आणि समुद्रसपाटीचा हवेचा दाब. त्या अवस्थेतला घनमीटर तो प्रमाण घनमीटर, बिलावरचा 'एससीएम'. मुंबईत वर्षातून एखाद्या पहाटेच १५ अंशांचा गारवा पडतो. आपण वर्षभर त्या पहाटेच्या मापानं पैसे देतो, असं म्हटलं तरी चालेल.

विक्रेता आणि गिऱ्हाईक रोजच्या आकड्यावर दोघंही सह्या करतात. त्या कागदाला जॉइंट तिकीट म्हणतात. गॅसचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, सकाळी सहाला बदलतो. मला हे वाचून गिरणीचा भोंगा आठवला. पहाटे चाळीच्या जिन्यांवरून पाळीला निघालेल्या पावलांचा आवाज ज्या सुमाराला सुरू होई, त्याच सुमाराला गॅसचा हिशेब कोरं पान उघडतो.

आणि मग आचेचा प्रश्न. शहरात येणारा गॅस आता एका विहिरीचा नाही. २००४ साली दहेजला कतारहून द्रवरूप वायूची जहाजं येऊ लागली, पुढे दहेज ते उरण नळ जोडला गेला आणि समुद्रातला देशी गॅस नि परदेशी गॅस एकाच वाटेनं येऊ लागले. मिथेन जास्त असलेला गॅस हलका आणि आच थोडी कमी. इथेन-प्रोपेन मिसळलेला जड आणि आच जास्त. एका घनमीटरात ९,००० किलोकॅलरी की ९,५००, यात साडेपाच टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून नळालगत एक यंत्र दर काही मिनिटांनी गॅसचा घोट घेऊन त्यात कोणता वायू किती ते वेगळं करून सांगतं, आणि त्यावरून आच काढतात. २००५ साली सरकारनं गॅसचा दर हजार घनमीटरला ३,२०० रुपये ठरवला, तो १०,००० किलोकॅलरी आच धरून. २०१० पासून मात्र दर थेट उष्णतेच्या एककावर, दहा लाख बीटीयूला इतके डॉलर, असा ठरू लागला. दहा लाख बीटीयू म्हणजे २,५२,००० किलोकॅलरी. ९,००० आचेचा गॅस असेल तर २८ घनमीटर. मेणबत्तीच्या उजेडापासून सुरू झालेला प्रवास इथे आला.

१९९५ साली गेल, ब्रिटिश गॅस आणि महाराष्ट्र शासन यांच्या भागीदारीत महानगर गॅस कंपनी झाली आणि वडाळ्याच्या केंद्रातून गॅस शहराच्या पोटात शिरला. या गॅसला स्वतःचा वास नाही, म्हणून त्यात मरकॅप्टन मिसळतात. कुजक्या वासानं गळती कळावी म्हणून. आज वीस लाखांहून जास्त घरांत हा गॅस आहे. टॅक्सीत भरतात तोही हाच, पण तो किलोवर मिळतो, कारण २०० बार दाबाला घनमीटराला काही अर्थ राहत नाही. पंपातल्या वाकड्या नळ्या थरथरत असतात, गॅस जाताना त्यांची थरथर पिळवटते आणि त्या पिळावरून वस्तुमान कळतं. तीच वस्तू रस्त्यावर किलोनं, घरात घनमीटरनं आणि ट्रॉम्बेच्या वेशीवर आचेनं.

घरातल्या छोट्या मीटरला मात्र हे काहीच कळत नाही. त्याचे भाते भरतात आणि रिकामे होतात. आपलं स्वयंपाकघर ३० अंशांचं असेल तर गॅस १५ अंशांपेक्षा सुमारे पाच टक्के फुगलेला असतो. दुसरीकडे शेगडीला तो हवेपेक्षा २१ मिलिबार जास्त दाबानं येतो, त्यामुळे दोन टक्के दबलेला असतो. दोन्ही धरून मीटरवरचे शंभर घनमीटर म्हणजे प्रमाण अवस्थेतले सुमारे ९७. मोठ्या गिऱ्हाइकाच्या मीटरवर ही दुरुस्ती करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवतात. घरगुती मीटरवर ते बसवलं तर यंत्राची किंमत वाचलेल्या गॅसपेक्षा जास्त होईल. हे तीन टक्के प्रत्येक गिऱ्हाइकाला माहीत असावेत असं मला मनापासून वाटतं. १८५९ च्या कायद्यानं गिऱ्हाइकाला माप झुकतं दिलं, तेव्हा त्यानं आधी माप समजावूनही सांगितलं होतं.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५००, चार मजली चाळींच्या जागी चाळीस मजली मनोरे. जुन्या चाळीत वरच्या मजल्याला पाणी चढत नसे; बायका खालून कळश्या भरून आणत. गॅसचं नेमकं उलट असतं. तो हवेपेक्षा हलका, म्हणून उंच इमारतीत वर जाताना त्याचा जोर कमी होत नाही, वाढतो. १२० मीटर उंचीला हा फरक साडेपाच मिलिबारच्या आसपास जातो. २१ मिलिबारच्या शेगडीला तो जड जाईल, म्हणून उंच इमारतीत वर जास्त दाबाचा नळ नेऊन प्रत्येक मीटरच्या आधी रेग्युलेटर बसवतात, आणि दुसऱ्या मजल्यावरची ज्योत नि चाळिसाव्या मजल्यावरची ज्योत सारखी राहते.

आईच्या खोलीत गेल्या काही वर्षांत नळाचा गॅस आला. तिनं मीटर बघून पहिल्यांदा विचारलं ते हेच, याचं माप कसं बघायचं. काळे आकडे पूर्ण घनमीटरचे, लाल आकडे त्यापुढच्या अंशांचे, एवढं मी सांगितलं. आता ती रात्री शेगडीची सगळी बटणं बंद करते, चष्मा लावते आणि शेवटच्या लाल आकड्यासमोर दोन मिनिटं उभी राहते. तो हलला नाही की मगच दिवा मालवते.